खंडेनवमीला गरम लागलेली बरणी

माझी सून मोबाइलवर लोकांचे विचित्र अनुभव वाचते आणि जेवताना आम्हाला वाचून दाखवते. मला हसू येतं. भूत, करणी, नजर... यातलं मी काही मानत नाही. मानलं असतं तर ही नोकरी अकरा वर्षं झाली नसती. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या हाताला जाणवलेली आहे. ती चारचौघांत सांगायला माझी जीभ उचलत नाही, म्हणून वहीत लिहिते. शिक्षण चौथीपर्यंत, चुकलं तर समजून घ्या.

मी काळाचौकीला राहते आणि परळच्या एका हॉस्पिटलात मावशी आहे. वॉर्डात नाही — दुसऱ्या मजल्यावर, जिना चढलं की डावीकडे, जिथे ऑपरेशनात काढलेल्या गाठी तपासतात तिथे. गाठ येते ती बरणीत, फॉर्मलिनच्या पाण्यात. त्याचा वास डोळ्यांना झोंबतो. डॉक्टर मॅडम गाठ कापून छोटे तुकडे घेतात. आमचा टेक्निशियन दिनेश ते मेणात बसवतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतो, काचेवर चढवून रंगवतो. मग मॅडम मायक्रोस्कोपखाली बघतात आणि सांगतात, साधी की कॅन्सरची. उरलेली गाठ बरणीत महिनाभर ठेवायची, मग पिवळ्या पिशवीत टाकायची. ते टाकायचं काम माझं.

मॅडम माझ्या थोरलीच्या वयाच्या. एकदा मी लादी पुसत होते तर म्हणाल्या, "मावशी, लांबून काय बघता? या इकडे." ट्रेमध्ये दोन गाठी होत्या. "ही साधी. आपल्या सालीत गप्प बसलीय, उकडलेल्या अंड्यासारखी. आणि हिला बघा, कडाच नाही. शेजारच्या मांसात शिरलीय."

मी हळूच म्हटलं, "फणसाच्या चिकासारखी."

"बरोब्बर!" म्हणाल्या. आणि नंतर शिकायला आलेल्या डॉक्टरांना तेच सांगितलं, तेही 'आमच्या मावशी म्हणतात' असं म्हणून. मला कुठे लपू असं झालं.

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक सांगितलं होतं. गळ्याच्या गाठी फसवतात. साधी असो की वाईट, दोन्ही सालीतच असतात आणि दिसतातही सारख्या. वाईट असेल तर ती कुठेतरी एका जागी साल फोडून बाहेर आलेली असते. म्हणून साल अख्खी तपासायची.

तर... खंडेनवमीचा दिवस. दसऱ्याला सुट्टी, म्हणून आमच्याकडे हत्यारांची पूजा आदल्या दिवशीच करतात. सकाळी दिनेशने सुऱ्या धुऊन पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, मायक्रोस्कोपला झेंडूची माळ घातली. मी फळ्या रिकाम्या करत होते. खालच्या फळीवरची एक बरणी उचलली आणि हात थबकला. गरम. भाजत नव्हती... तापातल्या लेकराच्या कपाळाला हात लावावा तशी.

"दिनेश, ही गरम का रे?"

त्याने हात लावला. "गार आहे की. मावशी, नवरात्रीचा उपास ना तुझा? साबुदाणा चढलाय डोक्यात."

मी ती बाजूला ठेवली. बाकीच्या रिकाम्या केल्या. सगळ्या गार. परत तिला हात लावला... तशीच.

"उतरला का ताप? क्रोसिन देऊ?" दिनेश हसला. "टाक ना. तिचा रिपोर्ट कधीच गेलाय. गळ्याची गाठ, साधी."

साधी गाठ, रिपोर्ट गेलेला... माझं काम फक्त टाकायचं. पण हात होईना. बरणी घेऊन मी मॅडमच्या केबिनच्या दारात उभी राहिले. किती वेळ, कोण जाणे.

"काय मावशी?"

"मॅडम... ही टाकवत नाही. गरम लागते."

मागे दिनेश हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बरणी हातात घेतली. "मला गार लागते." मग माझ्याकडे बघत राहिल्या. "पण इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच आपणहून माझ्या दारात आलात. दिनेश, वही आण."

त्यांनी वहीतली नोंद काढली. गाठ आली होती गणपतीच्या आदल्या दिवशी. अर्धा स्टाफ कोकणात, टेबलावर बरण्यांचा ढीग. "पाचच तुकडे घेतलेत. साल अख्खी बघायला हवी होती. मीच म्हणाले असेन, पुरे." मग म्हणाल्या, "लालबागची बाई आहे. बेचाळीस वर्षांची. सुरी आण."

"मॅडम, पूजेत मांडलीय. उद्यापर्यंत हलवायची नसते."

"कामाला लागली की झाली तिची पूजा. दे."

हळदकुंकू धुऊन त्याच सुरीने त्यांनी उरलेली सगळी साल कापली. बरणी त्यांनी परत माझ्याच हातात दिली होती. मॅडमनी शेवटचा तुकडा बाजूला ठेवला आणि ती गार झाली. एकदम नाही... कपातला चहा निवावा तशी.

दसऱ्यानंतर काचा तयार झाल्या. मॅडम सकाळपासून खुर्चीतून उठल्या नाहीत. दुपारी मला बोलावलं आणि माझा डोळा मायक्रोस्कोपला लावला. गुलाबी पट्टा दिसला, म्हणजे साल. एका जागी तो तुटलेला, आणि तिथून निळे ठिपके बाहेर — कुंपणाला भगदाड पडून गुरं निघावीत तसे.

"मोहरीएवढी जागा," मॅडम म्हणाल्या. "बाकी सगळी साल अख्खी."

त्यांनी सर्जनना स्वतः फोन केला. नवा रिपोर्ट लिहिला, आणि पहिल्या वेळी आपण तुकडे कमी घेतले होते हेही त्यात लिहिलं. दिनेश घाबरला. "मॅडम, असं लिहिलंत तर वरून विचारतील."

"विचारू देत. तिला कळायला नको?"

ती बाई रिपोर्ट घ्यायला आली. गळ्याला ओढणी गुंडाळलेली. मॅडम खिडकीतून बोलल्या नाहीत, बाहेर जाऊन तिच्या शेजारी बाकावर बसल्या. मी तिथेच लादी पुसत होते.

"म्हणजे... आता?" बाईने विचारलं.

"चूक माझी झाली. पण वेळेत कळलंय. आणखी एक ऑपरेशन, मग औषध. मी तुमच्या सर्जनशी बोललेय."

ती ओढणीचं टोक पिळत राहिली. मग मी जवळ पोचल्यावर पाय वर घेऊन म्हणाली, "पुसा मावशी." तिला काय माहीत! मी तिच्या पायाखालची लादी पुसली. त्याला आता दोन वर्षं होतील. तपासणीला येते, बरी आहे.

दिनेश म्हणतो, बरणी मेण वितळवायच्या मशीनजवळ राहिली असणार. पण ती खालच्या फळीवर मधोमध होती, शेजारच्या दोन्ही गार. उपासाने माझेच हात तापले म्हणावं, तर मग सगळ्याच गरम लागायला हव्या होत्या. एकदा धीर करून मी मॅडमना विचारलं. एवढ्या शिकलेल्या बाई, पण सरळ म्हणाल्या, "मला माहीत नाही, मावशी."

मला तर मुळीच माहीत नाही. पण तेव्हापासून दर महिन्याला बरण्या टाकायच्या दिवशी मॅडम हातमोजे काढून माझ्याजवळ येऊन उभ्या राहतात. मी एकेक बरणी दोन्ही हातांत धरते. दिनेशही तेवढा वेळ चेष्टा करत नाही.

"सगळ्या गार ना, मावशी?"

"गार, मॅडम."

"मग टाका."