काळ्या डोक्याचा कुरव

आमच्या हिच्यासमोर पक्ष्याचं नाव चुकवायची सोय नव्हती. इस्पितळात टेलिफोनवर बसायची, दिवसभर लोकांशी गोड बोलायची. पण सुट्टीच्या दिवशी खाडीवर कुणी कुरवाला बदक म्हटलं की संपलंच! अनोळखी माणसालाही थांबवून सुनवायची. मी बसडेपोतला मेकॅनिक. मी गाडी लावून येईपर्यंत हिचे अर्धे पक्षी बघून झालेले असत.

"काळ्या डोक्याचा कुरव म्हणे! डोकं तर पांढरंशुभ्र आहे," मी दर हिवाळ्यात चिडवायचो.

"अहो, थंडीत काळा रंग जातो त्याचा. डोळ्यामागे ठिपका राहतो तेवढा. किती वेळा सांगू?" आणि दर हिवाळ्यात ती तेवढीच चिडायची.

मग विसरायला लागली. आधी गॅस, मग घराचा रस्ता, मग पोटच्या लेकीचं नाव. थंडी सुरू झाली तसं बोलणंच बंद झालं. लेकीने एका संस्थेत सोय केली. "बाबा, उद्या तुम्हीच आजारी पडलात तर दोघांचं कोण बघणार?" मी आकाशपाताळ एक केलं. शेवटी ठरलं: आईने बाबांना ओळखलं तर आई घरी. नाहीतर उद्या सकाळी तिकडे.

बुडत्याला काडीचा आधार. मी तिला खाडीवर आणलं, बाकावर बसवलं, गळ्यात तिची दुर्बीण अडकवली. मागे लेक उभी होती. माझा डाव साधा होता. नावं चुकवायची. ती झापेल, आणि झापेल म्हणजे ओळखेलच. मला झापल्याशिवाय तिचा एक दिवस जायचा नाही.

पाणकावळा पंख पसरून बसला होता. "तो बघ कावळा, कपडे वाळत घालतोय." काही नाही. बगळ्याला मी करकोचा म्हटलं, टिबुकलीला बदकाचं पिल्लू. ती नुसती पाण्याकडे बघत होती. वारा बोचत होता. दुपार कलली, घसा बसला, तरी मी वेड्यासारखा बडबडत होतो. अगं, एक शिवी तरी दे मला!

तेवढ्यात समोर कुरवांचा थवा उतरला आणि पाण्यावर डुलायला लागला. मी ओरडलो, "सुरय आले, सुरय!"

"सुरय कसले?"

मी वळून बघितलं. तिने दुर्बीण उचलली होती.

"सुरय असा पाण्यावर पसरून बसतो होय? कुरव आहेत. काळ्या डोक्याचे. डोळ्यामागचा ठिपका बघा जरा."

"पण डोकं तर पांढरं आहे," मी कसाबसा म्हणालो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ती माझ्याकडे वळली आणि छान हसली, टेलिफोनवर बोलताना हसायची तशी. "तुम्ही नवीन दिसता. असू दे. आमच्या ह्यांचंही असंच आहे, इतकी वर्षं सांगते पण डोक्यात शिरत नाही. गाडी लावायला गेलेत, येतीलच इतक्यात."

लेकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा..."

"कळलं मला," मी म्हणालो.

ती मान वळवून रस्त्याकडे बघत होती. "कुठे राहिले कोण जाणे. एवढ्या थंडीत मफलरसुद्धा घरीच विसरले असतील."

मी गळ्यातला मफलर काढला, खिशात कोंबला आणि तिच्या शेजारी बसलो. "येतील हो," मी म्हणालो. "थांबू आपण."