विमानाची शेपटी आणि आम्ही तिघं

काही किस्से कोणी जपून ठेवत नाही, तरी साठत जातात. आम्ही तिघं कुठंही भेटलो, लग्नाच्या मांडवात म्हणा की दवाखान्याच्या बाकावर, पहिल्या चहालाच कोणीतरी शेपटीचा विषय काढणार. शेजारच्या माणसाला वाटतं, यांची भागीदारीत एखादी म्हैस असावी.

शेपटी विमानाची. सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा वाशीममध्ये आम्ही वायरलेसवर वळणारं बिनइंजिनाचं विमान करायला घेतलं. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. वानखडे सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. रफिकभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि नव्या रेडिओच्या खोक्यात येणारा थर्माकोल हे सगळ्या उद्योगाचं मूळ. पंख कोणीही करेल हो! पण विमान नाक वर करणार की जमिनीत खुपसणार, सरळ जाणार की गिरकी घेणार, हे शेपटी ठरवते. एक आडवी पट्टी, एक उभी, आणि उभीच्या मागे हलणारं सुकाणू. एवढंच. त्या एवढ्याशानं आमचा अख्खा हिवाळा खाल्ला.

•

पहिली शेपटी मी चिकटवली, सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशननं. रात्रभर वाळू द्यावी म्हणून फळीवर ठेवून गेलो. सकाळी पाहतो तर सोल्युशन जागच्या जागी आणि थर्माकोल गायब! जिथं जिथं लावलं, तिथं तिथं तो विरघळून गेला होता.

रफिकभाईंनी उरलेली जाळी उजेडात धरून पाहिली. म्हणाले, "मास्तर, जोड एकदम पक्का आहे. फक्त जोडायचं काही राह्यलं नाही."

•

मग वानखड्यांनी खळ सुचवली. मैद्याची खळ करून थर्माकोलला दोन्ही बाजूंनी ड्रॉइंगचा कागद डकवला की छान कडक, हलका तक्ता तयार व्हायचा. त्यांच्या स्वयंपाकघरातच आम्ही दुसरी शेपटी केली. ती उंदरांनी खाल्ली. तिसरीही खाल्ली.

चौथ्या खेपेला वानखडेवहिनींनी खळीत मोरचूद, ते निळं विष, टाकलं आणि पातेलं नवऱ्यापुढं ठेवलं. "आता उंदीर खात नाहीत. पन हे पातेलं आता तुमचं, आन मले आजच्या आज नवं पाह्यजे."

•

चौथी शेपटी टिकली. रंग देण्याआधी ती आसेगावला वडलांना दाखवावी असं वानखड्यांना वाटलं. आईवडील तिथं मजुरी करत आणि मुलगा वाशीमला नेमकं काय करतो, याची त्यांना काळजी असे. वानखडे शेपटी छातीशी धरून एस.टी.त बसले. कंडक्टरनं विचारलं, हे काय? ते म्हणाले, विमानाची शेपटी.

कंडक्टरनं शेपटी वरखाली निरखली. मग म्हणाला, "बाकीचं कुठं हाये?"

"मागून येते," वानखडे म्हणाले.

कंडक्टरनं दार लावण्याआधी बाहेर डोकावून पाहिलं म्हणे.

•

सुकाणू हलवायची करामत रफिकभाईंची. वायरलेसचा परवाना त्यांनी रीतसर काढला होता. हातातल्या डब्याचं बटण दाबलं की सुकाणू एकदा उजवीकडे वळायचं, पुन्हा दाबलं की डावीकडे. एका संध्याकाळी बटणाला कोणाचा हात नसताना ते आपोआप फडफडायला लागलं. रफिकभाईंनी तारांच्या सगळ्या जोडांना पुन्हा डाग दिले, तरी तेच. शेवटी वानखड्यांच्या लक्षात आलं, दुकानासमोरची पिठाची गिरणी सुरू झाली की शेपटी हलते. तिच्या मोटारीच्या ठिणग्या आमच्या वायरलेसमध्ये घुसत होत्या.

आम्ही गिरणीवाल्याला थोडा वेळ मोटार बंद ठेवायची विनंती केली. तो भुवयांवर पीठ घेऊन आला, शेपटी निरखली, परत गेला, गिरणी सुरू केली आणि तिथूनच विचारलं, "हाललं का?"

त्या दिवसापासून तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "विमान रफिकभाईचं हाये, पन चालवतो मी."

•

उडवलं ते माघात, एका रविवारी, गावाबाहेर ज्वारी काढलेल्या वावरात. वानखड्यांची बदली झाली होती, आठवड्याभरात ते जाणार होते. मी दोरीनं पतंगासारखं विमान ओढत पळालो, ते चढलं, दोरी सुटली. रफिकभाईंनी बटण दाबलं आणि ते उजवीकडे गेलं.

"वळलं," वानखडे म्हणाले.

मी म्हटलं, वाऱ्यानं वळलं असेल. रफिकभाई म्हणाले, बटणानं. आमचं हे चाललेलं असताना विमान गरम हवेत शिरलं. वर घारी घिरट्या घालत होत्या, त्यांच्यासोबत तेही वर वर गेलं. रफिकभाई बटण दाबत राहिले. विमान ठिपक्याएवढं झालं, मग आभाळात नुसत्या घारीच उरल्या.

परतताना वानखडे एवढंच म्हणाले, "गेलं त्याचं काही नाही. पण ते आपलं ऐकून वळलं की नाही, हे आता कधीच कळणार नाही."

•

तीन-चार दिवसांनी आम्ही दुकानात बसलो होतो. गावाबाहेरच्या मळ्यातून भाजी विकायला येणारी एक म्हातारी आली. तिनं टोपलीतून फडक्यात गुंडाळलेली आमची शेपटी काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर मी हौसेनं दुकानाचं नाव रंगवलं होतं, ते तिनं कोणाकडून तरी वाचून घेतलं होतं.

"शेपटी सापडली," ती म्हणाली. "मानूस नाही सापडला."

विमान त्यांच्या कडुलिंबाच्या शेंड्याला धडकताना मळ्यातल्या लोकांनी पाहिलं होतं. बाकीचं कुठं गेलं कळलं नाही. तेव्हापासून ते शोधत होते. ऊस पालथा घातला, दोन्ही विहिरींत गळ टाकून पाहिले. शेपटी एवढुशी, म्हणजे आत लहान लेकरूच असणार, असं त्यांचं मत पडलं होतं.

वानखडे उठून उभे राहिले. मावशी, आत कोणी नव्हतं, ते हवेवर फिरत होतं, असं त्यांनी हळूच समजावलं.

म्हातारीला ते पटलं नाही. "हवेवर कसं? घारी गोल फिरून राह्यल्या होत्या, तवा हे एकटंच वळलं. वाशीमकडं तोंड केलं त्यानं. भरकटलं, पुन्हा तिकडंच वळलं. आत कोनी नव्हतं तं मंग वळवून कोन राह्यलं होतं?"

वानखडे खाली बसले. त्यांनी शेपटी मांडीवर घेतली आणि सुकाणू बोटानं डावीकडे केलं, उजवीकडे केलं.

रफिकभाईंनी म्हातारीला पाणी दिलं. म्हणाले, "मावशी, लेकरू सुखरूप आहे. घरी आलं."

ती तिथंच पायरीवर टेकली. पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं. मग टोपलीतली गाजरं निवडून टेबलावर ठेवली.

"हे त्याले द्या," ती म्हणाली. "आन त्याच्या मायले म्हना, काही दिस त्याले अंगनाभाईर नको जाऊ देऊ."