ताईचं कुरण

ट्रॅक्टरच्या रोटरनं ढेकळं फोडून रानाचं पीठ करून घेताना त्या पिठाचं पुढं काय होतं, हे तुम्ही रोटर मारणाऱ्याला कधी विचारलंय? नाही विचारलं. त्याला भाडं देऊन वाटेला लावता, आणि उगवण झाली नाही की बियाण्याच्या नावानं बोटं मोडता.

अशाच एका ट्रॅक्टरवाल्याला सगळे पिठ्या म्हणायचे. ढेकूळ म्हणून शिल्लक ठेवायचा नाही. गिऱ्हाईक अनवाणी रानात उतरायचं. पाय घोट्यापर्यंत रुतला तर "वा रे पठ्ठ्या!", नाहीतर "मार आणखी एक फेर." हा मारायचा, आणि वर मिशीला पीळ द्यायचा.

पुढं त्याच्याच लक्षात आलं, की जिथं त्याचे फेर जास्त, तिथंच पाणी दिल्यावर माती विरघळते, वाळली की पापडासारखी कडक होते आणि कोंब खालीच गुदमरतो. मुळं, पाचोळा, शेण कुजून मातीत जे मुरलेलं असतं, तेच कणाला कण धरून ठेवतं. सारखं उलथून तेच जळून गेलं होतं. त्यानं बोलून दाखवलं, तर लोक हसले. "पिठ्या, गिरणी बंद करतोस की काय?"

धड माती उरली होती ती फक्त त्याच्या थोरल्या बहिणीच्या कुरणात. त्या मातीनं नांगर कसा तो पाहिलेलाच नव्हता. कुदळ मारली की काळी, रवाळ, गांडुळांनी पोखरलेली माती मुळांसकट वर यायची. पण ताईचे गुडघे गेले, गायी विकल्या, आणि भाजी लावायला कुरण खंडानं मागत ठेकेदार दारात येऊन बसला.

"ताई, हे एकदा मोडलंस तर आपल्या हयातीत परत जमायचं नाही."

"माझे गुडघे जमणार आहेत का? गवताकडे बघून पोट भरू?"

"निम्मं तरी राख."

"तू नाही मारलंस तर दुसरा मारेल. सख्खा भाऊ ट्रॅक्टरवाला, आणि माझ्या रानात परका! तोंड कुठं लपवू रे?"

हे त्याला झोंबलं. तो आला. पाती मुद्दाम वर धरून त्यानं पहिला फेर काढला. ताईनं चप्पल काढली, पाय टाकून पाहिला.

"वरवर खाजवतोस होय? बहीण म्हणून फसवतोस?"

पिठ्यानं दांडा खाली ओढला. मग कुरण असं फाटत गेलं, की त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

पहिलं पीक मात्र असं आलं, की लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं. साठवलेलं खाल्लं की ताट भरलेलंच दिसतं! दुसरं बेताचं. पुढच्या पेरणीला पाणी वरच तुंबलं, पापडी धरली, कोंब वर आलेच नाहीत. ठेकेदारानं दुसरं कुरण गाठलं.

पिठ्यानं शेणखत टाकलं, गवताचं बी फेकलं. चार काड्या उगवल्या, त्याही पिवळ्या. ताई बांधावर बसून म्हणाली, "तुला माहीत होतं. मग ऐकलंस कशाला माझं?"

दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याच्या रानात रोटर मारायला गेला. दुसरं येतं काय त्याला?

तेव्हा बाबांनो, तुमच्याकडे न मोडलेला गवताचा एखादा तुकडा उरला असेल, तर तो मोडू नका. आणि मोडणारा घरचाच असेल, तर त्याची भीड धरू नका. आडवे पडा.