चाचांचा कप

आखातात, देरा भागातल्या आमच्या बिल्डिंगमधले रत्नागिरीचे चाचा कुणाचंच बोलणं पूर्ण होऊ देत नाहीत. समोरचा दुसऱ्या वाक्यावर आला की हात उडवतात, "खलास, समजलं!" जीपीएसवाल्या बाईलाही सोडत नाहीत.

जानेवारीत त्यांच्यासोबत वाळवंटातल्या उंटांच्या उत्सवाला गेलो. वाटेत त्यांनी बजावलं, "कॉफी पुरे झाली की कप हलवून परत द्यायचा. नाही हलवला तर ते ओततच राहतात."

तिथे एका म्हाताऱ्या बदू उंटवाल्याने आम्हाला तंबूत बसवलं, कडू कॉफी ओतली आणि आपल्या उंटिणीबद्दल बोलायला लागला. सौंदर्यस्पर्धेत ती पहिल्याच फेरीत बाद झाली होती. आम्ही शहाण्यासारखे कप हलवले. चाचा मात्र कप पुढेच करत राहिले. उंटिणीच्या पापण्या झाल्या, मान झाली, तिची आई झाली, आजी झाली. चाचा आपले "इन्शाल्ला, पुढच्या वर्षी" म्हणत पीत होते.

परत येताना मी गाडी चालवत होतो. विचारलं, "चाचा, कप हलवायचं विसरलात?"

"विसरतोय कसला! हलवला असता तर तो बिचारा गप्प झाला असता."

मला एकदम भरून आलं. म्हटलं, "चाचा, तुम्ही म्हणजे खरंच..."

"खलास, समजलं! गाडी थांबव. मला त्या झुडपामागे जायचंय."