माझा सोनचाफा, दादाच्या दारात

नागाव सोडलं त्या सकाळी गाडीला अर्धा तास होता आणि माझ्या हातात सोनचाफ्याचं रोप होतं. आदल्या संध्याकाळी अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, नारळ-पोफळीची वाडी मोठ्या भावाला देऊन टाकली होती. "तुला तोंड आहे, तू कुठेही पोट भरशील. त्याला नाही, म्हणून त्याला वाडी." रोप मी अलिबागच्या बाजारातून घासाघीस करून आणलं होतं, घरासमोर लावायला. "आता लावूनच जा," अण्णा म्हणाले. दातओठ खात खड्डा मारला, रोप कोंबलं, माती लाथेने दाबली आणि गाडी पकडली.

तोंडावरच पोट भरलं, हे खरं. आज पनवेलला माझी नर्सरी आहे. उलव्यापासून खारघरपर्यंत बंगल्यांच्या बागा मी करतो. क्लायंटला वास्तुशांतीच्या आधी लॉन हवी, पाम हवे. मी लावतो आणि वर वर्षभराचा मेंटेनन्स गळ्यात मारतो. पण माझ्या स्वतःच्या दारात तीन सोनचाफे लावले, तिन्ही गेले. खाली सगळी भरावाची जमीन, मुरूम आणि डेब्रिज.

दादाच्या दारातला मात्र कौलांच्या वर गेलाय. गेल्या मे महिन्यात गेलो, तर त्याच्या होमस्टेतले पाहुणे झाडाखाली फोटो काढत होते. एका बाईंनी विचारलं, "कोणी लावला हो?" दादा म्हणाला, "घरचाच आहे आमच्या." बस. माझं नाव नाही.

पाहुणे आत जाईपर्यंत कसाबसा थांबलो. "दादा, झाड माझं आहे. क्रेन आणतो आणि नेतो. बदल्यात दहा पाम घे. बरं, पंधरा घे."

"ने," दादा म्हणाला.

समोरचा भावच करत नाही म्हटल्यावर घासाघीस कोणाशी करणार? बोलली ती वहिनी. "न्या की भावोजी. पण या खेपेला पिशवी काढून लावा हो."

"कसली पिशवी?"

"प्लास्टिकची! पिशवीसकट पुरलं होतंत तुम्ही. दोन वर्षं नुसतं खुरटलेलं. ह्यांनी उकरलं, तर मुळं आत वेटोळी घालून बसलेली. ब्लेडने पिशवी कापली, मुळं मोकळी केली, रोज हाताने पाणी घातलं. मी म्हटलं, भावोजींना कळवा. तर म्हणे, झाडांच्या धंद्यात आहे तो, कशाला त्याचं हसं करायचं?"

नर्सरीत नव्या माणसाला मी पहिलं वाक्य शिकवतो ते हेच, आधी पिशवी काढ. कान तापले माझे. आणि राग आला तोही दादाचाच. वाडी त्याला, झाड त्याला, वर मोठेपणाही त्यालाच?

वाढलेला सोनचाफा हलवला की बहुधा जगत नाही. मला ते ठाऊक आहे, दादालाही असणारच. तरी म्हणाला, ने.

क्रेन काही मी नेली नाही. वहिनी फोनवर चिडवते, "भावोजी, झाड कधी नेताय?" मी सांगतो, "क्रेनवाला भाव सोडत नाही."

गावातच राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं बाहेर पडलेले आम्ही जिंकलो. मी तर अजून जळतो. नागावहून आणलेली ओंजळभर फुलं पनवेल येईपर्यंत तपकिरी पडतात, तेव्हा तर फारच. घर म्हणजे माझ्यासाठी आता ते झाड. माझं म्हणून त्याच्यासाठी भांडतो, आणि जगावं म्हणून दादाकडेच ठेवतो.