खर्जाखालची तुळई

नेवेन्काच्या चेलोची सळई जमिनीत रुतली ती मंगळवारी, दुपारच्या तालमीत. चेलो ज्या टोकदार सळईवर उभा राहतो ती लाकडी फळ्यांवरून नेहमी घसरते, म्हणून नेवेन्का खुर्चीच्या पायाला पट्टा बांधून ती अडवत असे. त्या दिवशी पट्टा लागलाच नाही. सळई बोटभर आत गेली, अजिबात आवाज न करता, ताज्या पावात सुरी जावी तशी.

ती खुर्ची वीतभर सरकवून पुन्हा वाजवायला बसली.

कुपा नदीकाठच्या त्या गावात एकतीस वर्षं ती संगीतशाळेत चेलो शिकवत होती. बाप सुतार होता. लाकूड ठोकून बघायचं असलं की तो लेकीला हाक मारायचा, कारण तिचा कान त्याच्यापेक्षा तयार होता. चांगलं लाकूड ओ देतं आणि कुजलेलं आवाज गिळतं, हे तिला अक्षरं यायच्या आधी कळत होतं.

त्यांचा आठ जणांचा मेळ होता, चार सॅक्सोफोन आणि चार तंतुवाद्यं. क्रेशो या तिच्या शाळासोबत्याने तो जमवला होता. तो सगळ्यांत खर्जाचा, कमरेखाली लोंबणारा सॅक्सोफोन वाजवायचा. नव्या रचनेची सुरुवात त्या दोघांचीच होती. त्याचा तळाचा एक स्वर आणि खाली तिचा चेलो, चार मिनिटं, जवळजवळ न हलता. मग बाकीचे हळूहळू आत यायचे. तालमी जुन्या धान्यकोठाराच्या वरच्या मजल्यावर होत, कारण तिथे तो स्वर पायांतून अंगात चढायचा.

आता तो तिच्या पायांत चढेना. बाकी जमीन घुमायची, तिच्या खुर्चीखाली मात्र काहीच नाही. आणि स्वर थांबला की खालून बारीक सरसर ऐकू यायची, कुणी मूठ सैल सोडून दाणे सांडावेत तशी.

"कोठारात अजून गहू आहे वाटतं," व्हायोलिनवाली इनेस म्हणाली. क्रेशोला ती सरसर इतकी आवडली की कार्यक्रमातही ती ऐकू यावी म्हणून थांबायचं, असं त्याने ठरवून टाकलं.

नेवेन्काचा स्वतःवरच भरवसा नव्हता. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात, भर दुपारी भूकंप झाला होता. त्यानंतर नुसता ट्रक गेला म्हणून तिने दोनदा अख्खा वर्ग बाहेर पळवला होता, दुसऱ्यांदा तर मुलं मोज्यांवर बर्फात उभी होती. तेव्हापासून लोक तिच्याशी जरा जपून, हसून बोलत. ही सरसर जमिनीतली की आपल्या डोक्यातली, हे तिला ठरवता येईना. बुधवारी तिने क्रेशोला गाठलं.

"जमीन कुजलीय, क्रेशो."

"दारावर हिरवा कागद आहे की. इंजिनियरनं बघून लावलाय, वापरायला योग्य म्हणून."

"तो भूकंपानंतरचा. त्यावर दोन हिवाळे गेले. सरकलेल्या कौलांतनं पाणी भिंतीत मुरतंय."

"अगं, तू ट्रकला घाबरतेस."

ते खरं होतं, म्हणून तिला जास्त लागलं.

गुरुवारी दुपारी ती एकटी खालच्या मजल्यावर गेली. शिडी लावली, आणि भिंतीत शिरते तिथे तुळईला वडिलांचा टोच्या लावला. जोर द्यावाच लागला नाही. टोच्या मुठीपर्यंत गेला. बाहेर आला तो ओल्या तपकिरी भुशाने माखून, अळंब्यांच्या वासाचा. शेजारची तुळईही तशीच. भीती वाटण्याआधी तिला हायसं वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली.

शुक्रवारी तिने तो भुसा रुमालात बांधून सगळ्यांपुढे ठेवला. इनेसने खुर्च्या भिंतीकडे सरकवायचं सुचवलं. नेवेन्का म्हणाली, भिंतीकडेच जास्त कुजलंय. दुसऱ्याच दिवशी त्या मजल्यावर कार्यक्रम होता, झाग्रेबहून पाहुणे येणार होते, सव्वाशे लोकांना आमंत्रणं गेली होती. क्रेशोने रुमालाकडे बघितलंही नाही. सुरुवातीची चार मिनिटं आपण एकटेच वाजवू, तिने घरी बसावं, असं त्याने जाहीर केलं.

ती घरी बसली नाही. शनिवारी संध्याकाळी पाचला कोठाराच्या एकमेव अरुंद जिन्याच्या तळाशी तिने खुर्ची टाकली आणि चेलो गुडघ्यांत धरून बसली. लोक येऊ लागले, अंगणात थबकू लागले. कुणी हसलं. एका आईने पोराला मागे ओढलं. क्रेशो वरून खाली आला, तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"उठ."

"मला ओलांडून जा," ती म्हणाली. "चेलोही ओलांडावा लागेल."

चेलो ओलांडायला कुणी धजावलं नाही. शेवटी त्यांनी अंगणातच वाजवलं. ती जाऊन आपल्या जागी बसली. उघड्यावर तो खर्जाचा स्वर नदीकडे निघून गेला, कुणाच्या पायाला लागला नाही. झाग्रेबचे पाहुणे मध्येच उठले. क्रेशो तिच्याशी न बोलता सॅक्सोफोन पेटीत भरून निघून गेला. शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीतही तिच्या येण्यावर गप्पा थांबू लागल्या.

अकराव्या दिवशी सकाळी नऊला वरचा मजला खाली आला. वर कुणी नव्हतं. सव्वाशे खुर्च्या अजून मांडलेल्या होत्या, त्या सगळ्या खालच्या ढिगात सापडल्या.

त्याच दुपारी क्रेशो तिच्या दारात आला. त्याने एवढंच विचारलं, "आई वरच्या खोलीत झोपते. येऊन बघतेस?"

ती गेली. म्हातारीने कॉफी ठेवली, चीज घातलेली गिबानित्सा कापली. नेवेन्का खोलीभर फिरली, खाली जाऊन तुळया बघितल्या. लाकूड टणक होतं, कोरडं होतं, ठोकेल तिथे ओ देत होतं. तिला ते स्वच्छ ऐकू आलं. दारात क्रेशो, त्याची बायको आणि आणखी दोन शेजारी तिच्या तोंडाकडे बघत उभे होते. शेजाऱ्यांनाही आपापली घरं दाखवायची होती.

"मग, झोपू ना गं मी इथं?" म्हातारीने विचारलं.

काही हरकत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण आता नेवेन्काच्या एका शब्दावर सगळे निर्धास्त निजणार होते, आणि ते तिच्या तोंडून निघेना.

"मावशी," ती शेवटी म्हणाली, "थोडे दिवस खालीच झोपा."

क्रेशो लगेच गादी उचलायला गेला.