आबांचं पाण्यातलं बदक

मी आबांना शेवटचं बोलले ते ओल्या बुटांवरून.

"आबा, किती वेळा सांगायचं? इमारतीच्या नियमांत, हाउसऑर्डनुंगमध्ये, लिहिलंय, जिन्यात ओले बूट ठेवायचे नाहीत. लोक मला बोलतात."

"बरं बाई," म्हणाले, आणि बूट उचलून बाल्कनीत ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

आज वर्ष झालं.

आबा म्हणजे माझे सासरे. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर. ओतकामाआधी लाकडाचा नमुना लागतो, तो करणारे. सासूबाई गेल्यावर, दोन हजार सहा साली, परदेशी लोकांच्या ऑफिसात, आउसलेंडरबेहोर्डेत, खेटे घालून घालून आम्ही त्यांना जर्मनीत येनाला आणलं.

आम्ही दोघं नवरा-बायको दिवसभर इन्स्टिट्यूटमध्ये, लेक रमा किंडरगार्टनमध्ये. आबा खिडकीत. हातात एवढी कला असलेला माणूस नुसता ट्राम बघत बसायचा.

मग तळमजल्यावरचे लिंडनर भेटले. रिटायर्ड, खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, त्यांचं वर्कशॉप. ते डीकॉय बनवायचे. शिकारी लाकडाचं बदक पाण्यात सोडतो, ते बघून खरी बदकं निर्धास्त खाली उतरतात, आणि मग गोळी. फार पूर्वी अमेरिकेतल्या कारखान्यांत अशी बदकं लेथवर ढिगाने निघायची. आता हौशी लोक ती शोधून शोधून कपाटात मांडतात. ज्यांना जुनी मिळत नाहीत त्यांच्यासाठी लिंडनर हुबेहूब तशी हाताने करून द्यायचे.

हुबेहूब म्हणजे किती? लेथने अंगावर ठेवलेले बारीक ओरखडेसुद्धा पटाशीने एकेक कोरायचे.

आबांनी ते पाहिलं आणि पटाशी मागून घेतली. ना यांना जर्मन, ना त्यांना मराठी. पण रोज दहा वाजले की आबा खाली.

"मशीन जे चुकून करतं ना, ते मुद्दाम करायला आम्हाला दोन दिवस लागतात बघ," असं जेवताना सांगायचे. इतकं खूश मी त्यांना इथे कधी पाहिलं नव्हतं.

ही मूळची शिकारीची बदकं, हे त्यांना महिनाभराने कळलं. मीच बोलता बोलता सांगून बसले.

रोज सकाळी पंचशील म्हणणारा माणूस. त्या दिवशी जेवलेच नाहीत.

"पाखरांना फसवायचं लाकूड तासत होतो व्हय मी?"

तीन दिवस खाली गेले नाहीत. चौथ्या दिवशी मला घेऊन गेले.

"सांग त्यांना. बदकं करतो, पण पोटाखाली शिसं घालणार नाही."

शिशाची पट्टी नसली की बदक पाण्यात कलंडतं. कपाटात शोभेल, शिकारीला कुचकामी. मी सगळं जर्मनमध्ये सांगितलं.

लिंडनरनी हातातलं बदक बाकावर ठेवलं. "आल्झो गूट," म्हणाले. म्हणजे बरं तर. ठरलं.

रमाच्या पाचव्या वाढदिवसाला आबांनी तिला एक बदक दिलं. ती ते घेऊन थेट पार्कातल्या तळ्यावर पळाली, मागून तिच्या मैत्रिणी, त्यांच्या आया, आम्ही.

बदक सोडलं आणि पोट वर करून आडवं झालं.

"कापूट!" मोडलं, मोडलं म्हणत पोरी हसायला लागल्या. रमा भोकाड पसरून रडली.

आणि मी, सगळ्यांसमोर: "आबा, तुमची तत्त्वं तुमच्यापाशी. नातीला एक खेळणं तरी धड द्यायचं!"

 ते रुमालाने बदक पुसत राहिले.

त्यानंतर रोज सकाळी त्यांचं फिरायला जाणं सुरू झालं. रोज बूट ओले. मी रोज बोलायचे. का ओले, हे एकदाही विचारलं नाही.

अंत्यविधी झाल्यावर दोन दिवसांनी लिंडनर वर आले. हातात रमाचं बदक. मी ते उलटं केलं. पोटाखाली शिशाची पट्टी.

ते म्हणाले, "रोज सकाळी तळ्यावर घेऊन जायचे. एका बाजूला झुकलं की परत येऊन शिसं तासायचे, जरा सरकवायचे. शेवटच्या दिवशी सरळ तरंगलं. मला सांगायला धावत आले होते."

शेवटचा दिवस म्हणजे तोच. बुटांचा.

"पण ते शिसं घालणार नव्हते ना?"

"मीही विचारलं." लिंडनरनी बंदूक धरल्यासारखे हात केले, मग खिडकीतून पार्काकडे बोट दाखवलं आणि नाही अशी मान हलवली. "त्यांनी असं करून दाखवलं. म्हणाले, हियर निष्ट."

इथे नाही. इथे कोणी मारत नाही. इथे पाखरू फसून उतरलं तरी त्याचं काही वाईट होत नाही.

माझ्या एका टोमण्यावर त्यांनी एवढा विचार केला होता. आणि मी त्यांना जिन्याचे नियम शिकवत होते. लाज वाटते मला.

आज सकाळी रमाला घेऊन तळ्यावर गेले. बदकाला दोरी बांधून पाण्यात सोडलं. सरळ, ऐटीत तरंगलं. थोड्या वेळाने दोन खरी बदकं त्याच्या शेजारी येऊन उतरली. रमा श्वास रोखून बघत होती.

निघताना दोरी गवतात अडकली. ओढून निघेना. शेवटी मीच बुटांसकट पाण्यात उतरले, घोट्याच्या वर.

आत्ता घरी आलोय. बूट जिन्यातच ठेवलेत. ज्याला बोलायचं त्याने बोलावं.

माझं चुकलं, आबा.

जय भीम.